कायोटीसाठी पहिली रायफल: हजार डॉलरांत, पण क्रम चुकवू नका

‘कुठली रायफल घेऊ?’ हा प्रश्न मला दरवर्षी थंडीच्या तोंडावर येतो. मी उलट विचारतो, ‘जागा कुठली ठरली? लायसन्स निघालं?’ पलीकडून बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही. मग कळतं की गडी दोनदा दुकानात जाऊन आलाय, साडेआठशेची रायफल हेरून ठेवलीय आणि स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, विचार ‘पुढच्या पगाराला’ करणार आहे.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि दोन तासांवरच्या एका शेळ्यांच्या रँचवर कायोटींच्या (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला इथला रानटी प्राणी) मागे जातो, त्यामुळे उदाहरणं टेक्ससची येतील. (इथले जुने लोक ‘कायओट’ म्हणतात. दुकानात दोन्ही उच्चार चालतात.) तुमचं राज्य वेगळं असेल तर कायदा तिथला बघा, बाकीचा क्रम तोच राहील.

हजार डॉलर धरले तर माझी विभागणी अशी: रायफल ४५०, स्कोप २००, स्कोप बसवायच्या रिंगा आणि बेस ५०, काडतुसं २००, आणि लायसन्स, कानांचं संरक्षण, टेकूच्या काठ्या मिळून १००. रायफलचा वाटा निम्म्याहून कमी आहे, आणि तो तसाच राहू द्या.

पायरी १: कागद

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवतो.

तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. याला काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे शिकारीचं लायसन्स आधी आणि रायफल नंतर. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची रायफल हातात घ्यायची असली तरी हेच लागू. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अट नाही, पण शिकारीला लायसन्स त्यांनाही लागतंच. ग्रीन कार्डचा अर्ज मधल्या टप्प्यात अडकला असेल तर नेमकी स्थिती काय ते आधी वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. सतरा वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. दोन संध्याकाळी द्या आणि खरंच वाचा. त्यातला कुंपण ओलांडण्याचा भाग पुढे कामाला येतो. राज्यातल्या रहिवाशाचं साधं लायसन्स २५ डॉलरचं आहे.

आता लायसन्सवरची तारीख बघा. टेक्ससचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, कधीही काढलं असलं तरी. व्हिसावर असलेल्या माणसाचं लायसन्स १ सप्टेंबरला संपलेलं असेल आणि रायफल कपाटात असेल, तर शिकारीला न जाताही तो अडचणीत आहे. नवीन लायसन्स १५ ऑगस्टपासून मिळतात. मी फोनमध्ये त्या तारखेचा गजर लावून ठेवला होता. ग्रीन कार्ड आल्यावरही तो काढलेला नाही, सवयीने वाजतो.

दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा असतो. बरोबर न्यायचं ते हे: सध्याचा पत्ता असलेलं राज्याचं ओळखपत्र, आणि व्हिसावाल्यांनी आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) ताजी प्रत व शिकारीचं लायसन्स. पत्ता बदलला असेल आणि ओळखपत्रावर जुनाच असेल तर तिथूनच परत यावं लागतं. फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न आहे. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी संघराज्याच्या हिशेबात नाही, आणि खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे.

थांबा: ‘तुझं ग्रीन कार्ड आहे, तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ हे बोलणं जेवणाच्या टेबलावर अगदी साधं वाटतं. कायद्यात त्याला दुसऱ्यासाठी केलेली बनावट खरेदी म्हणतात. त्यात दोघेही अडकतात, आणि व्हिसावाल्याची तर परत जाण्याची वेळ येऊ शकते. इथे मैत्री आड आणू नका.

काही राज्यांत आणखी एक पायरी आहे. न्यू जर्सीत खरेदीदाराचं वेगळं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र. न्यू जर्सीत तर सेंटरफायर रायफलने (काडतुसाची टोपी बुडाच्या मधोमध असते ती) शिकार करण्यावर कडक मर्यादा आहेत, म्हणजे एडिसनमध्ये बसून हा लेख वाचणाऱ्याने पुढची खरेदी करण्याआधी पेनसिल्व्हेनियात जागा मिळते का ते बघावं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिसं नसलेल्याच गोळ्या लागतात. तिथला काडतुसांचा खर्च दीडपट तरी धरा.

पायरी २: जागा, आणि तिथलं अंतर

टेक्ससची बहुतेक जमीन खाजगी आहे. खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, कायोटीला बंद हंगाम नाही. परवानगी मिळवायची तर शेळ्या-मेंढ्या किंवा वासरं असलेल्या मालकाकडे दिवसाढवळ्या जा. गाडी फाटकाबाहेर लावा, हातात रायफल नको. मला पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने आधी त्याचं कुंपण दुरुस्त करायला लावलं, मग हो म्हणाला. परवानगी लेखी घ्या. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून या, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

जागा आधी ठरवायचं कारण सरळ आहे: रायफल अंतरावर ठरते. झुडपी, ओढ्याकाठची जागा असेल तर कायोटी पन्नास-साठ यार्डांवर येतो. मोकळं गवताळ रान असेल तर दोनशे-अडीचशेवर उभा राहून तुमच्याकडे बघत बसतो. पहिल्या भेटीत चार-पाच ठिकाणी बसा आणि जिथवर दिसतं तिथवरची अंतरं मोजा. रेंजफाइंडर नसेल तर फोनच्या नकाशावर मोजा. माझ्या रँचवर सगळ्यात लांबची उघडी जागा २३० यार्ड निघाली. पाचशे यार्डांच्या रायफलचा विषय तिथेच संपला.

तपासून घ्या: प्रत्येक बसण्याच्या जागेवरून, गोळी चुकली तर कुठे जाईल? मागे टेकाड किंवा मातीचा चढ आहे का? सपाट रानात, मागे घर किंवा रस्ता असलेल्या दिशेला, कायोटी कितीही जवळ आला तरी चाप ओढायचा नाही. ही हलकी गोळीसुद्धा तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

पायरी ३: काडतूस ठरवा

मराठीत आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, त्यातून दुकानात गोंधळ होतो. पितळी कवच, दारू, टोपी आणि पुढची गोळी मिळून झालं काडतूस. गोळी म्हणजे फक्त पुढचा जाणारा तुकडा. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ५५ ग्रेन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम.

पहिल्या रायफलला माझं उत्तर .२२३ रेमिंग्टन. ५५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सव्वातीन हजार फुटांच्या आसपास निघते, नऊ ते सोळा किलोच्या प्राण्याला अडीचशे यार्डांपर्यंत पुरते आणि खांद्याला धक्का जवळजवळ लागत नाही. पण निवडण्याचं खरं कारण खिशात आहे. सरावाचं काडतूस अर्ध्या डॉलरच्या आसपास मिळतं, आणि कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं.

.२२-२५० रेमिंग्टन यापेक्षा सेकंदाला चारेकशे फूट वेगवान आहे. वाऱ्याने सरकणं आणि लांबवर खाली पडणं, गोळीचं दोन्ही कमी होतं, मोकळ्या रानात मजा येते. पण काडतूस दुप्पट-तिप्पट महाग, आणि नळीही लवकर तापते. नवखा माणूस मग महिन्याला एकच खोका उडवतो. .२४३ विंचेस्टर घ्यायची ती त्याच रायफलने हरीणही मारायचं असेल तर. नुसत्या कायोटीला ती जड पडते. .२०४ रूगर छान आहे, पण गावातल्या दुकानात तिचा खोका दिसेलच असं नाही.

.२२ एलआर (लाँग रायफल, छोटं काडतूस) नको. ती सश्याची आहे. कायोटी जखमी होऊन पळतो आणि झुडपात दोन दिवस मरत पडतो. ‘आधीच घरात आहे’ हे तिचं एकमेव समर्थन मी ऐकलंय.

शिकारीला वेगळी गोळी, सरावाला वेगळी. पूर्ण तांब्याने मढवलेली, एफएमजे म्हणतात ती, कागदावर ठीक. प्राण्यात ती आरपार जाते आणि त्याला जागेवर पाडत नाही. शिकारीला व्ही-मॅक्ससारखी टोकाला पॉलिमर असलेली, आत फुटणारी गोळी घ्या.

थांबा: दोन धोके लक्षात ठेवा. ५.५६ नाटोचं काडतूस बाहेरून .२२३ सारखंच दिसतं, पण फक्त ‘.२२३’ कोरलेल्या नळीत ते वापरू नका, दाब वाढतो. (५.५६ च्या नळीत .२२३ चालतं, उलट नाही.) आणि .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या कक्षेत (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या जागेत) बसू शकतं. जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल तोंडासमोर फुटते. घरात दोन्ही असतील तर वेगळ्या रंगाचे डबे ठेवा. नळीवर काय कोरलंय आणि काडतुसाच्या बुडावर काय कोरलंय, दोन्ही दर वेळी वाचा.

पायरी ४: रायफल हातात घेऊन बघा

आता कुठे दुकानात जायचं.

बोल्ट-अ‍ॅक्शन घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची रायफल. एआर-१५ ने (पुढचं काडतूस आपोआप भरून घेणारी रायफल) कायोटी मारणारे पुष्कळ आहेत, दुसऱ्या गोळीला ती सोयीचीही आहे. पण पहिल्या रायफलने माणसाला एका गोळीची सवय लागावी, या मताचा मी आहे. शिवाय बोल्ट मागे ओढला की रायफल बंद आहे हे बरोबरच्या सगळ्यांना लांबून दिसतं.

या पैशांत बघण्यासारख्या: रूगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट. अ‍ॅक्सिस सगळ्यात स्वस्त. फक्त अ‍ॅक्युट्रिगर (सॅव्हेजचा हलका-जड करता येणारा चाप) असलेली घ्या, साध्या जुन्या अ‍ॅक्सिसचा चाप जड आहे. माझी निवड रूगर अमेरिकन. तिचा चाप घरी हलका-जड करता येतो, सुरक्षेचा खटका अंगठ्याखाली येतो, आणि प्रेडेटर नावाच्या प्रकारात २२ इंची नळी आणि १:८ चा पीळ मिळतो. १:८ म्हणजे आठ इंचांत गोळीची एक फेरी. ५५ ग्रेनला १:९ किंवा १:१२ सुद्धा चालतो. पुढे ७० ग्रेनच्या वरच्या जड गोळ्या वापरायच्या असतील तरच १:८ चा आग्रह धरा. टिक्का कंपनीची रायफल सुरेख असते, बोल्ट लोण्यासारखा फिरतो. पण ती घेतली की स्कोप या बजेटबाहेर जातो.

काउंटरवर, दुकानदाराची परवानगी घेऊन आणि रायफल रिकामी असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने बघून, या क्रमाने जा:

१. लांबी. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या खळीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात यायला हवं. बहुतेक रायफली साडेतेरा इंचांच्या पुढे असतात. साडेपाच फुटांच्या माणसाला, आणि थंडीतल्या जाड जाकिटावर, ते लांब पडतं. कॉम्पॅक्ट प्रकार मागा. ‘पोरांची रायफल’ म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

२. डोळा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करा आणि दोन्ही डोळ्यांनी दूरची वस्तू त्यात पकडा. आता एकेक डोळा मिटा. ज्याने वस्तू खिडकीत राहते तो तुमचा जोरकस डोळा. उजव्या हाताचे असून डावा डोळा जोरकस निघाला तर आधी डाव्या खांद्यावर रायफल धरून बघा. रूगर आणि सॅव्हेज दोघांच्या डावखुऱ्या रायफली मिळतात.

३. गाल. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. मान उंच करावी लागली तर दस्ता तुमच्यासाठी खाली आहे. गालाखाली बांधायचा पट्टा वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, रायफल बदलायला नको.

४. नोट. एक डॉलरची नोट घडी न घालता नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागामध्ये सरकवा. ती कक्षेपर्यंत मोकळी जायला हवी. मग दस्त्याचं टोक अंगठ्याने नळीकडे दाबा. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता इथे वाकून नळीला टेकतो. मधोमध टेकू दिला तर फरक पडत नाही, पण टोकाला बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून जोर दिला की गोळ्या वेगळ्याच जागी जातात. असा दस्ता असेल तर बायपॉडचे पैसे वाचवा आणि काठ्या घ्या.

जुनी घेत असाल तर सोबत छोटा टॉर्च न्या. नळीच्या तोंडाशी ओरखडा किंवा ठोका आहे का, आत गंजाचे खड्डे आहेत का, स्क्रूची डोकी झिजलेली आहेत का (म्हणजे कोणीतरी घरी खोललंय) आणि दस्त्याच्या काठाखाली गंज लपलाय का, हे बघा. जुनी रेमिंग्टन ७०० किंवा मॉडेल सेव्हन असेल तर एक गोष्ट नक्की: मे २००६ ते एप्रिल २०१४ मधल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत बोलावल्या होत्या. चापाची ती दुरुस्ती झालीय की नाही याची खात्री करा. घेतलेली जुनी रायफल पहिली गोळी झाडण्याआधी गनस्मिथला दाखवा.

पायरी ५: स्कोप बसवणं

माझी स्वतःची फजिती इथली. पहिल्या रायफलला मी स्कोप घरी, हाताच्या अंदाजाने, साध्या पान्याने बसवला. रेंजवर शंभर यार्डांवर सात गोळ्या झाडल्या, कागदावर त्या हातभर पसरल्या. मी काडतुसाला दोष दिला. दुसऱ्या कंपनीचा खोका आणला, मग तिसऱ्या. दोन शनिवार आणि नव्वदेक डॉलर गेले. शेजारच्या बाकावरचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी उठून आले, काही न बोलता मागची रिंग दोन बोटांनी धरली आणि हलवून दाखवली. टक्-टक् असा आवाज आला. ते परत जाऊन बसले.

तेव्हा: आवळण्याचा जोर इंच-पाउंडांत दाखवणारा टॉर्क पाना मागून आणा किंवा विकत घ्या. बेसचे आणि रिंगांचे आकडे त्यांच्या कागदावर दिलेले असतात. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड. जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते. क्रम हा:

१. बेसचे स्क्रू आणि भोकं तेल काढून कोरडी करा. स्क्रू जास्त लांब असेल तर पुढचा बोल्टला घासतो. आवळल्यावर बोल्ट मागेपुढे करून बघा.
२. स्कोप रिंगांत सैल ठेवा. पॉवर (किती पट मोठं दिसतं ते) सगळ्यात वर घ्या, रायफल खांद्याला लावा आणि पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप मागेपुढे सरकवा. भिंग भुवईपासून साडेतीन इंचांच्या आसपास राहायला हवं.
३. उभी रेघ खरोखर उभी आहे का, ते दूरच्या ओळंब्याशी जुळवा.
४. वरचे स्क्रू फुलीच्या क्रमाने, थोडे-थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे.

भिंग कुठलं? ३-९×४० पुरे, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारं, पुढचं भिंग ४० मिमीचं. व्होर्टेक्स क्रॉसफायर, ल्युपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम किंवा बरिस फुलफील्ड, जे सवलतीत मिळेल ते. रायफलसोबत पेटीत येणारा स्कोप वाईट नसतो, पण संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात तो आंधळा होतो आणि कायोटी नेमका त्याच वेळी येतो. मोठ्या पॉवरच्या मागे लागू नका. पहिल्याच थंडीत मी स्कोप ९ वर ठेवून बसलो होतो. कायोटी तीस यार्डांवर ओढ्यातून वर आला. मी रायफल उचलली तर स्कोपमध्ये फक्त राखाडी केस. खांदा कुठला, पोट कुठलं, काही कळेना. पॉवर खाली करायला हात हलवला आणि तो गेला. आता बसताना ३ वर, लांबचा दिसला तर वाढवायची.

पायरी ६: शून्य करणं, म्हणजे स्कोपची फुली आणि गोळी जुळवणं

आधी नळी कोरडी पुसून घ्या, कारखान्याचं तेल राहिलं तर पहिल्या दोन-तीन गोळ्या भरकटतात. कानात बुच्चे, वर मफ्स, डोळ्यांना चष्मा. .२२३ चा आवाज एकदाच उघड्या कानाने ऐकाल आणि दोन दिवस शिट्टी वाजत राहील.

बोल्ट काढा, रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा आणि मागून नळीतूनच पंचवीस यार्डांवरचा कागद बघा. कागदाचं केंद्र नळीच्या मधोमध आलं की रायफल न हलवता स्कोपची फुली केंद्रावर आणा. मग एक गोळी. बहुतेक स्कोपची एक टिक शंभर यार्डांवर पाव इंच हलते, म्हणजे पंचवीस यार्डांवर एक इंच हलवायला सोळा टिका लागतात. लोक इथे चार टिका फिरवतात आणि ‘स्कोप खराब आहे’ म्हणतात. गोळी केंद्राच्या अर्धा इंच खाली आली की पंचवीसवरचं काम झालं.

आता शंभर यार्ड. तीन गोळ्या, मध्ये नळी हाताला सोसेल इतकी थंड होऊ द्या. तिन्हींचा मध्य बघून टिका फिरवा. एकेका गोळीच्या मागे धावू नका. गोळ्यांचा मध्य केंद्राच्या दीड इंच वर आणा. ५५ ग्रेनची .२२३ असेल तर तेव्हा दोनशे यार्डांवर ती साधारण केंद्रावर पडते आणि तीनशेवर सहा ते आठ इंच खाली. दोनशे यार्डांवर कागद लावून खरंच बघा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा दोनशेवर चारेक इंच ढकलतो, आणि कायोटीच्या छातीतली कामाची जागा जेमतेम तेवढीच आहे.

तपासून घ्या: शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसतायत? पुरे. पाऊण इंचासाठी पाच कंपन्यांची काडतुसं आणू नका. दोन प्रकार वापरून बघा, बरा निघेल त्याचे दोन-तीन खोके एकाच लॉटचे घ्या, आणि थांबा.

पायरी ७: बाकावरून उठा

दोनशे डॉलरांतली बहुतेक काडतुसं इथे जायला हवीत. कायोटीसमोर बाक नसतो. जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर, रायफल काठ्यांवर, अशी शंभर यार्डांवर कागदी ताटलीत दहापैकी नऊ लागायला लागली की तुमचं शिकारीचं अंतर शंभर यार्ड. दीडशेवर तेच जमलं तर दीडशे. बाकावर दोनशेवर काय केलं ते इथे मोजायचं नाही. घरी, काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवून आणि रायफल दोनदा रिकामी बघून, कोरडा चाप ओढण्याचा सराव रोज दहा मिनिटं करा. त्याला काहीच खर्च येत नाही. पहिली, थंड नळीची गोळी कुठे जाते ते वहीत लिहीत जा, शिकारीत तीच एक गोळी असते.

चाप ओढण्याआधी प्राणी ओळखा. रँचवरची पाळीव कुत्री संध्याकाळच्या उजेडात हुबेहूब कायोटी दिसतात. अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा आहे, नॉर्थ कॅरोलिनात लाल लांडगा, दोन्ही संरक्षित. शंका आली तर बोट चापाबाहेर.

पायरी ८: घरी परतल्यावर

गाडीत बसण्याआधी रायफल रिकामी. घरी कुलूप, काडतुसं वेगळ्या कुलपात. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा मालकाचा गुन्हा आहे. सुट्टीला भाचरं येतात, आजी-आजोबा कपाटं आवरतात, म्हणून ‘वरच्या फळीवर आहे’ हे पुरत नाही.

शेवटचं काम भारतात जाण्याआधीचं. रेंजला नेलेली कुठलीही पिशवी, जाकीट किंवा पॅन्ट विमानासाठी वापरू नका. तेवढीच पिशवी असेल तर ती उलटी करून झटका, प्रत्येक खिसा आतून बाहेर काढा, अस्तराचं फाटलेलं टोक चाचपा. मुंबई विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि ‘चुकून राहिलं’ हे तिथे रोज ऐकतात. गेल्या डिसेंबरात जाण्याच्या आदल्या रात्री बायकोने माझं जुनं जाकीट सुटकेसमध्ये घातलं होतं. मी ते काढून झटकलं तर अस्तरातून काहीतरी घरंगळत फरशीवर पडलं. ५५ ग्रेनचं एक काडतूस, त्याच्या बुडाला वाळलेला चिखल. ते कुलपात टाकलं, जाकीट कपाटात परत गेलं, आणि मी पुण्याला स्वेटरवर गेलो.